पाणथरी काढलेल्यांचा ताप 'बघू उद्या' म्हणण्याचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारसायकलवरून पडून डाव्या बरगड्यांखाली मार बसला की पाणथरी (प्लीहा) फाटू शकते आणि रक्तस्राव थांबत नसेल तर ती काढावी लागते. थॅलॅसेमिया, आयटीपी (रक्तातल्या प्लेटलेट कमी होण्याचा विकार) अशा आजारांतही कधी कधी काढतात. टाके निघतात, पेशंट घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर ड्रेसिंग, गोळ्या, पुढची तारीख सगळे असते; लशींची ओळ पुष्कळदा नसते. 'पाणथरीवाचून काही अडत नाही' असे नातेवाइकांना सांगितले जाते, तेही अर्धेच खरे.

न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी (हिब) या जंतूंभोवती साखरेचे बुळबुळीत आवरण असते. पांढऱ्या पेशींच्या तावडीतून ते निसटतात. पाणथरीत रक्त संथ झिरपते. तिथल्या पेशी त्या आवरणाविरुद्ध झटपट प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करतात आणि शेजारच्याच भक्षक पेशी जंतू गिळतात. यकृत थोडी भरपाई करते, पण प्रतिपिंडांचा लेप नीट चढलेले जंतूच त्याच्या हाती लागतात. म्हणूनच अशा माणसाला सकाळी थंडी वाजून ताप, उलटी, अंगदुखी आणि रात्री रक्तदाब कोसळून कातडीवर जांभळे डाग, इतक्या वेगाने गोष्टी घडू शकतात. उपचार मिळूनही निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. लहान मुलांत आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धोका जास्त, पण तो जन्मभर राहतो.

ऑपरेशन ठरवून असेल तर लशी किमान १४ दिवस आधी द्याव्यात. अपघातात तातडीने झाले असेल तर नंतर १४ व्या दिवशी. क्रमही पाळायला हवा. न्यूमोकॉकसच्या दोन लशी असतात: आधी पीसीव्ही-१३, मग ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही-२३ आणि ५ वर्षांनी पुन्हा तीच. उलट्या क्रमाने दिली, तर प्रौढांना पीसीव्हीसाठी वर्षभर थांबावे लागते. मेनिंगोकॉकसचे दोन डोस ८ आठवड्यांच्या अंतराने, मग दर ५ वर्षांनी बूस्टर. ही लस मेनॅक्ट्रा या ब्रँडची असेल तर ती पीसीव्हीबरोबर देऊ नये, पीसीव्हीनंतर किमान ४ आठवड्यांनी द्यावी. हिबचा एक डोस आणि फ्लूची लस दरवर्षी. पाच वर्षांखालील मुलांना शिवाय संसर्ग टाळण्यासाठी रोज दोन वेळा पेनिसिलिन व्ही हे प्रतिजैविक लागते, दर वेळी ३ वर्षांपर्यंत १२५ मिग्रॅ, पुढे २५० मिग्रॅ. ते मिळत नसेल तर डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात.

लशी सगळ्या जंतूंना अडवत नाहीत. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या प्रतिजैविकाचा पहिला डोस घ्यावा आणि तडक दवाखाना गाठावा. कॅज्युअल्टीत पहिले वाक्य एकच: 'पाणथरी काढलेली आहे.' तिथे ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी) घेऊन लगेच शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू व्हायला हवे, रिपोर्टसाठी थांबून नव्हे. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस आठवते, प्रतिजैविक विसरले जाते. पाणथरी नसलेल्यांना तेही लागते, कारण कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफागा हा जंतू त्यांच्या जिवावर उठतो. मलेरियाच्या भागात मच्छरदाणी हवीच.

विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या सिकलसेल रुग्णांचीही हीच गत. पाणथरी पोटात असते, सोनोग्राफीत मोठीसुद्धा दिसते, पण काम करीत नाही. रक्ताच्या स्लाइडवर लाल पेशींत हॉवेल-जॉली कण (चालू पाणथरी काढून टाकते ते पेशीकेंद्राचे उरलेले तुकडे) दिसले की पाणथरी बंद पडली हे ओळखावे.

बाळांना हिब आणि न्यूमोकॉकसची लस सरकारी लसीकरणात मिळते. पंचविशीतल्या अपघातग्रस्ताला मात्र सगळे पदरमोड करून घ्यावे लागते. आमची मागणी एवढीच, की शासनाने पाणथरी काढलेल्यांसाठी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या तिन्ही जंतूंच्या लशी जिल्हा रुग्णालयांत मोफत ठेवाव्यात आणि प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने 'पाणथरी नाही' असे लिहून, लशींच्या तारखा भरूनच पेशंटला घरी सोडावे.

– रक्तविकार व शल्यचिकित्सा विभागातील डॉक्टर, नागपूर