बोलायला शिकते आहे, म्हणजे काय करते आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही हसत हसत विचारलंत, "बोलायला शिकायचं म्हणून कुणी या वयात पुन्हा कॉलेजात जातं का?" उत्तर लांबलचक होतं, म्हणून तेव्हा नुसती हसले. आता लिहिते.

आम्हाला बोलायला फार कमी शिकवतात. बहुतेक तास ऐकण्यातच जातात. सराव असा, की दोघांनी समोरासमोर बसायचं आणि एकाने बोलायचं. दुसऱ्याने त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्यालाच सांगायचं, आणि "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं तो म्हणेपर्यंत स्वतःचं मत तोंडातून काढायचं नाही. हा नियम कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सुचवलेला. 'सक्रिय श्रवण' ही कल्पनाही त्याने आणि रिचर्ड फार्सनने १९५७ साली मांडली. वाचताना पोरखेळ वाटतो, पण समोरचा निम्म्या वाक्यावर असतानाच आपल्या डोक्यात उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते. वर्गातल्या वक्तृत्व स्पर्धा गाजवलेल्या मंडळींची या सरावात सगळ्यांत जास्त फजिती होते, आणि खरं सांगू, ते बघायला मजा येते.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एक मुलगी तिचा भाग कायम उशिरा द्यायची. बाकीच्यांचं ठरलेलं वाक्य, "तू नेहमीच असं करतेस." त्यातल्या 'नेहमीच'वरूनच भांडण जुंपायचं, कारण एकदा तरी तिने वेळेवर दिलेलं असायचं. मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अशा वेळेसाठी क्रम सांगितला आहे: आधी घडलं तेवढंच सांगायचं, मग आपल्याला काय वाटलं, आपली गरज काय, आणि शेवटी नेमकी विनंती. मी तिला म्हटलं, "मंगळवारी यायचा मजकूर शुक्रवारी आला, मला तो रात्री बसून जोडावा लागला, मी वैतागले. पुढचा भाग अर्धवट असला तरी सोमवारी दाखवशील का?" त्यावर ती म्हणाली, "हे कितव्या पानावरचं?" दोघीही हसलो. पण मग कळलं, की लिहिलेलं चांगलं नाही या भीतीने ती तेच तेच पुन्हा लिहीत बसायची. आम्ही सगळे तिला आळशी समजत होतो. या सवयीवर ली रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये लिहिलं आहे: दुसरा चुकला की तो त्याच्या स्वभावाचा दोष वाटतो, त्याची परिस्थिती आपल्याला दिसतच नाही.

आता घराकडे येते. रागावू नका.

वाद वाढला की बाबा उठून आतल्या खोलीत जातात आणि आई म्हणते, "जाऊ दे, मीच गप्प बसते." केनेथ थॉमस आणि राल्फ किल्मन यांनी १९७४ साली भांडण हाताळायच्या पाच तऱ्हा मांडल्या: रेटणं, टाळणं, जुळवून घेणं, तडजोड करणं आणि मिळून मार्ग काढणं. पाचांपैकी कुठलीच मुळात वाईट नाही. पण ज्याच्याकडे एकच असते, त्याची पंचाईत होते. बाबांकडे टाळणं आहे, आईकडे जुळवून घेणं. त्यामुळे आपल्या घरात भांडणं मिटायची नाहीत, नुसती थांबायची.

तरी बाबांचं उठून जाणं मला पूर्वीइतकं चुकीचं वाटत नाही. जॉन गॉटमन या संशोधकाने भांडणाऱ्या जोडप्यांचे हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरणंच अवघड होतं. एका प्रयोगात त्याने भांडण मध्येच थांबवलं, यंत्रात दुरुस्ती आहे असं सांगितलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचत बसवलं. नंतर तीच माणसं त्याच विषयावर बरीच धड बोलली. शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात, असं तो सांगतो. म्हणजे उठून जायला हरकत नाही. फक्त जाताना "अर्ध्या तासाने बोलू" एवढं सांगावं, आणि अर्ध्या तासाने खरंच यावं. न सांगता गेलात की आईला ते पाठ फिरवणं वाटतं, आणि तिथून पुढे दोन दिवसांचा अबोला.

हल्ली तुमचं टीव्हीच्या आवाजावरून चालतं, म्हणून मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकी व्यवस्थापन-विचारवंत बाईंचं उदाहरण सांगते. तिने १९२५ मध्येच लिहून ठेवलंय. ती ग्रंथालयाच्या एका लहान खोलीत वाचत बसली होती. एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, आणि तिला फक्त अंगावर येणारा उत्तरेचा वारा नको होता, तो टळला. ती म्हणते, ही तडजोड नव्हे, कारण कुणालाच काही सोडावं लागलं नाही.

बाबांना आवाज मोठा का हवा, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंय का? वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी कमी ऐकू येतात. स, श, फ असे वर्ण निसटतात. माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि आवाज वाढवूनही फारसं साधत नाही. आई, "हे माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नाहीत" असं तू म्हणतेस, त्यातलं निम्मं कदाचित कानाचं असेल. उरलेलं निम्मं तुम्ही दोघं जाणा, मी त्यात पडत नाही. खोलीत समोर येऊन, चेहरा दिसेल असं बोलून बघ. स्वयंपाकघरातून हाक मारलीस आणि ओ आली नाही, तर लगेच स्वभाव काढू नकोस.

आता माझी विनंती. बाबा, एकदा कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्याल का? बाहेरचा आवाज न येणाऱ्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखत नाही. मी येईन बरोबर.

रोझेनबर्ग म्हणतो, 'नाही' ऐकून घ्यायची तयारी नसेल तर ती विनंती नसते, हुकूम असतो. तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकता. मी रुसणार नाही, आईलाही मध्ये घालणार नाही. फक्त का नाही, ते सांगा. मशीन लावावं लागलं तर लोक म्हातारा म्हणतील हे कारण असेल, तर तेही सांगा. रविवारी फोन करते. आई, फोन स्पीकरवर ठेवू नकोस, बाबांच्या हातात दे.

तुमची,
धाकटी