खुर्ची मिळाली, सातबाऱ्याचं काय?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

युद्धानंतर नव्यानं उभ्या राहिलेल्या देशांतल्या बायकांच्या राजकारणावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका आहेत हे वाचून आमच्या वाचनालयातले दोघंतिघं म्हणाले, ‘मंग आपल्याकडं पन्नास टक्के आहेच की.’ आहे ना, 2011 पासून आहे. सरपंचबाई आहेत आणि त्यांच्या शेजारी बसणारे त्यांचे यजमानही आहेत. त्या जुन्या विनोदात मला पडायचं नाही. लेखातून जे सुटलं ते माझ्या कामातलं आहे. मी तलाठी होते, सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात झाली. त्यामुळे कुठल्याही देशातल्या मोठ्या बदलाबद्दल वाचलं, की वावर कोणाच्या नावावर चढलं हे मी आधी शोधते.

रवांडात 1994 च्या एप्रिल ते जुलैमध्ये नरसंहार झाला, आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. मागे राहिलेल्या विधवांपुढे लगेच उभा राहिला तो जमिनीचा प्रश्न. रिवाजानं जमीन नवऱ्याच्या भावकीची, त्यामुळे तो गेला की दीर-चुलतदीर वावरात हजर. बापाच्या जमिनीत लेकीला वाटा नाही, म्हणजे माहेरचाही आधार नाही. बायकांच्या संघटनांनी हा विषय लावून धरला आणि 1999 मध्ये मुलगा-मुलगी दोघांना सारखा वारसा देणारा कायदा झाला. तीस टक्के जागांची तरतूद त्याच्यानंतर, 2003 च्या संविधानात आली. 2008 मध्ये 80 पैकी 45 खासदार बायका झाल्या. 2009 पासून देशभर जमिनीची नोंदणी झाली, सुमारे एक कोटी तुकड्यांची, तेव्हा नवरा-बायको दोघांची नावं कागदावर आली. त्यातही मेख होतीच. लग्न कायद्यानं नोंदलेलं असेल तरच बायकोला हक्क, नाहीतर ती मोकळीच. आणि तिथली संसद सरकारला किती धारेवर धरते, हा प्रश्न आहेच. पण वारसाहक्क आधी आणि राखीव जागा नंतर, हा क्रम लेखात यायला हवा होता.

जर्मनीत कागदावरचा शब्द आधी आला. 1948-49 साली बॉनमध्ये राज्यघटना लिहायला बसलेल्या 65 जणांत बायका चार. त्यांतल्या एलिझाबेथ झेल्बर्ट या वकीलबाईंनी ‘स्त्री आणि पुरुष यांना समान हक्क आहेत’ एवढं एक वाक्य घालायला सांगितलं, तर तेही आधी फेटाळलं गेलं. बाई गावोगाव फिरल्या, बायकांच्या पत्रांचा बॉनमध्ये ढीग पडला आणि जानेवारी 1949 मध्ये वाक्य मान्य झालं. त्यानुसार कौटुंबिक कायदा बदलायला 31 मार्च 1953 ही मुदत होती. ती सरकारनं खुशाल टळू दिली. सुधारित कायदा 1 जुलै 1958 ला लागू झाला. आपणही काही वेगळं केलं नाही. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. वडिलोपार्जित शेतीत लेकीला जन्मानं हिस्सा मिळायला महाराष्ट्रात 1994 उजाडलं.

पण मला सगळ्यात ओळखीचा वाटला तो जपान. युद्धात हरल्यावर तिथं अमेरिकेचा ताबा होता. 1946 च्या फेब्रुवारीत अमेरिकन अधिकाऱ्यांनी घटनेचा मसुदा आठवडाभरात लिहून काढला. स्त्री-पुरुष समतेची आणि लग्नातल्या बरोबरीची कलमं लिहिली बियाटे सिरोटा या 22 वर्षांच्या मुलीनं. त्याच वर्षी एप्रिलच्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि 39 जणी निवडून आल्या. पुढं थोरल्या मुलाकडंच घरदार जाण्याची जुनी पद्धत कायद्यानं मोडली, सगळ्या लेकरांना सारखा वाटा दिला. आणि खेड्यांत काय झालं? शेताचे तुकडे नकोत म्हणून बहिणी आणि धाकटे भाऊ वारसा सोडल्याचे कागद करून देऊ लागले, शेती थोरल्याकडंच राहिली. आपल्या हक्कसोडपत्राचंच हे जपानी भावंड!

हक्कसोडाचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, कसा होतो ते एकदा बघाच. बाप गेला, वारस नोंद झाली, बहिणींची नावं चढली. मग भाऊबीजेला आलेल्या बहिणीला निबंधकाकडं नेऊन दस्त करून घेतात. नंतर फेरफाराच्या नोटिशीवर सही घ्यायला भाऊच तिला गाडीवर बसवून आणतो. एक बहीण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बारावी शिकलेली, अक्षर सुरेख. दस्त आदल्याच दिवशी झाला होता. भावानं नोटिशीवर बोट ठेवलं, ‘ताई, इथं.’ तिनं पेन उचललं आणि मला विचारलं, ‘मॅडम, याच्यात विहिरीचा हिस्साही जाते का?’ मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाला, ‘सगळंच जाते, ताई.’ तिनं सही केली, पदर सारखा केला आणि परत जाऊन गाडीवर बसली. जबरदस्ती म्हणाल तर कोणी केली नव्हती. ‘मले काय करायचं वावर, माहेर तुटलं तर जाऊ कुठं?’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की ते त्यांनी आपणहून म्हटलं यावर माझा विश्वास नाही.

वावराचं एवढं का धरून बसले, असं कोणी विचारेल. आमच्याकडचं राजकारण ग्रामपंचायतीत सुरू होत नाही, सोसायटीत होतं. सेवा सहकारी सोसायटीचं सभासद व्हायला, पीककर्ज घ्यायला सातबारा लागतो. सोसायटीचे संचालक बाजार समितीला मत देतात, जिल्हा बँकेचा रस्ताही तिथूनच जातो. संचालक मंडळावर बायकांच्या दोन जागा राखीव आहेत, पण जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही ती त्या जागेवर बसणार कशी? ऐन निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या सुनेच्या नावावर अर्धा एकर चढतं, ते यासाठीच. तरणा शेतकरी गेला आणि सातबारा सासऱ्याच्या नावावर असला, तर कपाशीत दहा वर्षं राबलेली त्याची बायको कागदावर शेतकरीच नसते.

1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला आमच्या भागातल्या बायकाही गेल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली, गावागावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावावर जमिनी केल्या. सरकारनंही 1992 मध्ये परिपत्रक काढलं. नवऱ्याच्या साध्या अर्जावर सातबाऱ्यात बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. अर्ज नवऱ्यानं करायचा, हीच त्यातली अडचण. तरी आहे ते वापरा. महाराजस्व अभियानाच्या शिबिरात दाखले वाटता, तिथंच या अर्जांचं एक टेबल लावा. आणि हक्कसोडाच्या फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस भावाच्या हाती न देता बहिणीच्या सासरच्या पत्त्यावर पाठवा. तिथल्या तलाठ्यानं ती तिला एकटीला वाचून दाखवावी, विहिरीसकट. याला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं एक पत्र पुरे.

आपली,
एक निवृत्त तलाठी
ता. आर्णी, जि. यवतमाळ