मधल्या वर्षांचा हिशेब

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार.

बाबांचे पत्र परवा मिळाले. प्रकृतीविषयी दोन ओळी आणि हल्लीच्या चित्रपट-मालिकांविषयी दीड पान, असे त्याचे स्वरूप पाहून सावंतवाडीस सर्व क्षेम आहे याची खात्री पटली. "एकदा चालले की त्यालाच शेपूट लावून पुन्हा विकतात आणि तुम्ही लोक पुन्हा तिकिटे काढता," हा बाबांचा मुख्य आरोप. मी काही समीक्षक नाही. रात्रीची जेवणे आटोपल्यावर जे समोर येईल ते पाहणारी आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींनी ओढून नेले तर चित्रपटगृहात जाणारी साधी प्रेक्षक आहे. तरीही या आरोपाला उत्तर द्यावेसे वाटले, कारण तो निम्मा खरा आहे आणि उरलेल्या निम्म्यासाठी भांडण्यात मला रस आहे.

दुसरा भाग काढण्यात मुळातच काही गैर आहे असे मला वाटत नाही. पहिली गोष्ट संपली आणि दुसरी सुरू झाली, या दोहोंच्या दरम्यान पात्रांच्या आयुष्यातली काही वर्षे गेलेली असतात. ती वर्षे कशात गेली, त्यांनी त्या माणसांचे काय केले, हे ज्याला दाखवता येते त्याने खुशाल दुसरा भाग काढावा. ज्याला ते जमत नाही, तो मागच्या वेळी जिथे टाळ्या पडल्या तेवढ्याच जागा पुन्हा वाजवत बसतो, आणि बाबांचा राग खरे तर अशांवर आहे.

बाबांना आवडलेला 'दृश्यम' 2015 सालचा, निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला. 2 ऑक्टोबर ही तारीख, पणजीतला सत्संग आणि जपून ठेवलेली तिकिटे यांच्या जोरावर, मुलीच्या हातून घडलेला मृत्यू लपवून सगळ्या पोलीस खात्याला पुरून उरणारा केबलवाला विजय साळगावकर त्यांनी आल्यागेल्याला रंगवून सांगितला होता. 'दृश्यम 2' मात्र त्यांनी हट्टाने पाहिला नाही. कामत 2020 साली गेले. दुसरा भाग 2022 साली अभिषेक पाठक यांनी केला. दोन्ही भागांचे मूळ जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटांत आहे, त्यामुळे श्रेयाचा मोठा वाटा तिकडेच जातो. पण दुसरा भाग उभा राहतो तो मधल्या सात वर्षांवर. विजय आता चित्रपटगृहाचा मालक झाला आहे आणि स्वतःचा चित्रपट काढण्याच्या खटपटीत आहे. घराजवळ पोलिसांची गाडी दिसली की बायकोचे हात कामात थबकतात. थोरली मुलगी त्या रात्रीच्या धसक्यातून अजून सावरलेली नाही. आणि पहिल्या भागात ज्या गावाने त्याची बाजू उचलून धरली होती, तेच गाव आता त्याची भरभराट पाहून पाठीमागे कुजबुजते. माणूस गरीब होता तोवर निर्दोष होता, चार पैसे आल्यावर मात्र त्याच्यावर संशय घ्यायला सर्वांना सवड मिळाली. आपल्याकडच्या कुठल्याही वाडीत घडेल असेच हे आहे.

त्याहून मला आवडला तो कथेतला एक कारागिरीचा भाग. त्या रात्री विजयला प्रेत पुरून बांधकाम चालू असलेल्या पोलीस ठाण्यातून बाहेर पडताना एका माणसाने पाहिलेले असते. मग तो इतकी वर्षे गप्प का राहिला? कारण तो स्वतःच एक खून करून पळत होता आणि नंतर तुरुंगात गेला. तो सुटतो तेव्हाच ही गोष्ट पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणजे दोन चित्रपटांमधले अंतर हीच दुसऱ्या चित्रपटाची किल्ली ठरते. शेवटच्या अर्ध्या तासातली उलथापालथ मात्र मला पुरती पटली नाही; सरकारी यंत्रणा सर्वत्र एकाच वेळी इतकी गाफील असेल, यावर विश्वास ठेवायला बराच मोठेपणा लागतो. बाबांनी आयुष्यभर सरकारी नोकरी केली असल्याने त्यांचे मत याबाबतीत अधिक ग्राह्य धरले जाईल.

याच्या उलट उदाहरण म्हणजे 'नवरा माझा नवसाचा 2'. पहिला भाग 2004 सालचा, दुसरा 2024 सालचा. मध्ये तब्बल वीस वर्षे. नवस पुन्हा आहे, गणपतीपुळे पुन्हा आहे, सचिन आणि सुप्रिया आहेत, अशोक सराफही आहेत, फक्त एस.टी.च्या कंडक्टरऐवजी ते आता रेल्वेचे टी.सी. झाले आहेत, आणि आधीच्या जोडप्याच्या जोडीला त्यांची मुलगी आणि जावई आले आहेत. एस.टी.च्या जागी कोकण रेल्वे आणली, एवढाच काय तो वीस वर्षांचा हिशेब. (गणपतीपुळ्याला रेल्वे जात नाही, रत्नागिरीला उतरावे लागते, हे आईने मला फोनवर ऐकवलेच आहे.) पण वाहन बदलल्याने नुकसानच झाले, असे माझे मत आहे. पहिल्या भागातली गंमत एस.टी.च्या अडचणीत होती. सगळी माणसे एकाच खोलीत कोंडल्यासारखी. कोणी काही कुजबुजले तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू जाणार, कंडक्टर सर्वांच्या अंगावरून पुढेमागे करणार, आणि नवस नेमका कसा फेडायचा आहे ही लाजिरवाणी गोष्ट त्या गर्दीत लपवायची. रेल्वेत डबे वेगळे, माणसे विखुरलेली, त्यामुळे तो कोंडमारा नाहीसा झाला आणि त्याबरोबर हसूही पातळ झाले. अशोक सराफ समोर आले की आपण आधीच हसायला बसतो, ही त्यांची पुण्याई. तिचे श्रेय पटकथेला देता येत नाही. 'दे धक्का 2' तर कुटुंबाला उचलून थेट लंडनला घेऊन गेला, तेव्हा खटारा गाडी ढकलत मुंबईला निघालेले ते कुटुंब नेमके कशामुळे आपले वाटले होते, याचाच विसर पडला.

'झिम्मा'विषयी आईचे आणि माझे एकमत होणार नाही. 2021 च्या नोव्हेंबरात, चित्रपटगृहे नुकतीच उघडली असताना, बायकांनी घोळक्याने जाऊन तो चित्रपट चालवला, याचे मलाही कौतुक आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायका सहलीला निघतात आणि हळूहळू मोकळ्या होतात, हे त्याचे सूत्र होते. 'झिम्मा 2' मध्ये त्या एकमेकींना ओळखतात, त्यामुळे ओळख होण्यातला आनंद आपोआप बाद झाला. सुहास जोशी यांच्या पात्राच्या पंचाहत्तरीचे निमित्त मात्र चांगले होते. त्या वयाच्या बाईला मैत्रिणींसोबत असताना काय वाटते, यावर अख्खा चित्रपट तोलता आला असता. दिग्दर्शक हेमंत ढोमे यांनी त्या वयाला चार चांगले प्रसंग दिले आणि मग ते पुन्हा धमाल करायला निघून गेले.

आता आईचा प्रांत. आई, मालिकांवर मी बोलले की तुला राग येतो, तरी हे लिहिणारच. चित्रपटवाले निदान काही वर्षे गेल्यावर दुसरा भाग काढतात. वाहिन्यांना एक रविवारसुद्धा पुरतो. 'अग्गंबाई सासूबाई' तू न चुकता पाहिलीस आणि मीही सुट्टीत आल्यावर तुझ्या शेजारी बसून पाहिली. विधवा सासूचे लग्न लावून देणारी शुभ्रा हे मराठी मालिकांतले खरोखरच नवे पात्र होते. निवेदिता सराफ यांची भिडस्त आसावरी आणि गिरीश ओक यांचे अभिजित राजे यांच्यामुळे पन्नाशीनंतरच्या प्रेमाकडे घराघरांत हसण्यावारी न नेता पाहिले गेले. 2021 च्या मार्चमध्ये ती संपली आणि लगेच 'अग्गंबाई सूनबाई' सुरू झाली. शुभ्राच्या भूमिकेत तेजश्री प्रधान यांच्याऐवजी उमा पेंढारकर आल्या, तिचा नवरा सोहमही बदलला. चेहरे बदलले याबद्दल माझी तक्रार नाही. नटांची अडचण आपण समजू शकतो. पण सगळ्या घराशी वाद घालून सासूचा संसार उभा करणारी मुलगी काही वर्षांची उडी मारताच आत्मविश्वास गमावून मुलामागे धावणारी, नवऱ्याची मर्जी राखणारी बाई होते, आणि भिडस्त सासू एकदम कंपनी चालवू लागते! असे होऊ शकते, नाही असे नाही. कित्येक घरांत झालेले आपण पाहिले आहे. परंतु ते कसे झाले, हीच तर सांगण्यासारखी गोष्ट होती. ती सगळी दोन शीर्षकगीतांच्या मधल्या फटीत पडली.

'आई कुठे काय करते' या बाबतीत अधिक प्रामाणिक होती. मूळ बंगाली मालिकेवरून घेतलेली असली, तरी लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या बाईची ती वर्षे कोणी खाल्ली, हाच तिचा प्रश्न होता, आणि मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधतीचे सावरणे घाई न करता दाखवले. पुढे ती इतकी ताणली गेली की त्या घरावर कोसळायची कोणतीच आपत्ती बाकी राहिली नाही, हे तूही मान्य केले होतेस.

बाबांच्या आरोपाला माझ्याकडचे सर्वांत भक्कम उत्तर मात्र आपल्या दारातलेच आहे. 'रात्रीस खेळ चाले' 2016 साली सुरू झाली, तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून केवढी ओरड झाली होती आणि तरीही आकेरीच्या त्या वाड्यापुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी हटत नव्हती. पहिल्या भागाची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. म्हणजे ज्या माणसाच्या करणीने सगळे घर पोखरले आहे, तो माणूस आपल्याला जिवंत असा भेटतच नाही. त्याची बायको, मुले, सुना, जमिनीचे तंटे आणि प्रत्येकाने दडवलेले काहीतरी यांतून त्याचा अंदाज येत राहतो. 2019 साली आलेल्या दुसऱ्या भागाने पुढे न जाता मागे जाण्याचे धाडस केले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा, अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता (अण्णांची प्रेयसी), आणि सारे जाणून गप्प राहणारी शकुंतला नरे यांची माई, म्हणजे अण्णांची बायको. शेवट ठाऊक असूनही लोक रोज रात्री बसत, कारण उत्सुकता 'काय होणार' याची नव्हती, 'कसे झाले' याची होती. अण्णा ओसरीवर बसून समोरच्याला नुसते न्याहाळत, तेव्हा पुढच्या पिढीची सगळी भांडणे त्या नजरेत आधीच दिसत. ज्या वर्षांविषयी पहिल्या भागाने मौन पाळले, तीच दुसऱ्याने उघडून दाखवली. तिसऱ्या भागात मेलेली माणसे इतक्या वेळा परत आली की भीतीच मेली. तिथे बाबांचे म्हणणे मी निमूटपणे मान्य करते.

हिंदीतले फारसे लिहीत नाही. 'पंचायत' तुम्ही दोघांनी पाहावी. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस गावचा उपप्रधान प्रल्हाद याचा सैन्यातला मुलगा जातो आणि तिसऱ्या हंगामात सगळे फुलेरा गाव त्या माणसाच्या रिकाम्या घराभोवती जपून वावरते. दुःखाला इतका वेळ देणारी मालिका मी हल्ली पाहिलेली नाही. चौथ्या हंगामात निवडणुकीने बाकी सर्व गिळले, तो नाही पाहिला तरी चालेल.

राहिला 'दशावतार'. तो कशाचाही दुसरा भाग नाही. "दशावतार देवळासमोर बघूचो, पडद्यार नाय," असे बाबांनी लिहिले आहे आणि कार्तिकापासून रात्र-रात्र जत्रांना जागणाऱ्या माणसाने तसे लिहावे हे योग्यच आहे. तरीही त्यांनी तो पाहावा. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म 1944 चा. 2025 साली हा चित्रपट आला तेव्हा त्यांनी एक्क्याऐंशी पूर्ण केली होती. तुम्ही दोघांनी त्यांना दूरदर्शनवर चिमणरावांच्या रूपात पाहिले, मी त्यांना टिपऱ्यांचे आबा म्हणून पाहत मोठी झाले. इथे ते बाबुली मेस्त्री हा दृष्टी मंदावत चाललेला दशावतारी झाले आहेत. मुलगा म्हणतो, आता पुरे. आणि याला रंग लावल्यावाचून राहवत नाही. दिग्दर्शक सुबोध खानोलकर यांनी उत्तरार्धात खाणीचा, जमिनीचा प्रश्न आणून गोष्टीला सूडाचे वळण दिले आहे; तो भाग थोडा भडक झाला आहे आणि खलनायक तर पहिल्या वाक्यातच ओळखू येतात. पण पूर्वार्धात बाप आणि मुलगा यांच्यात जे चालते, त्यात कुठेही खोटा सूर नाही. अंधुक दिसत असताना आरशासमोर बसून सवयीच्या बोटांनी तोंडाला रंग लावणारा तो म्हातारा पाहताना मला पुढचे कथानक कळले नसते तरी चालले असते. मधली वर्षे दाखवायला त्या नटाला दुसऱ्या भागाची गरज पडली नाही. ती त्याच्या हातांत होती.

बाबांच्या डोळ्याला आता आराम आहे, तेव्हा दुपारी एका बैठकीत पाहून होईल. आईने सोबत बसावे, आणि पेटी-पखवाजावर बाबा मध्येच बोलू लागले तर त्यांना थांबवावे. पाहून झाल्यावर बाबांनी आपले मत सविस्तर लिहावे. विशेषतः चित्रपटवाल्यांनी दशावताराच्या रीतीत काय सोडले आणि काय पदरचे घातले, ते मला कळत नाही, बाबांना कळते. दशावतारातल्या संकासुर या राक्षसाविषयी काही तक्रार असेल तर ती मात्र पत्रातच कळवावी. फोनवर ती संपत नाही.

तुमची लेक