पेटीतले संपाचे कागद रद्दीत घालू नका

ठाणेकरहो, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात कळव्याच्या एका आजींनी आमच्या वाचनालयात प्लास्टिकची पिशवी आणून दिली. आत त्यांच्या यजमानांची बडतर्फीची नोटीस होती. घड्यांवर विरलेली, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मांडलेला वाण्याच्या उधारीचा हिशोब. ज्वारी, रॉकेल, गूळ. घर आवरताना ती रद्दीत निघाली होती.

हा १९७४ च्या रेल्वे संपाचा कागद. ८ मे रोजी सुरू झालेल्या त्या संपात देशभरातले सुमारे १७ लाख कामगार उतरले. मागण्या बोनसच्या, महागाई भत्त्याच्या, आठ तासांच्या ड्युटीच्या. इंजिनावर गेलेला माणूस घरी कधी परतेल, याचा तेव्हा भरवसा नसे. बोलणी चालू असतानाच, २ मे रोजी, संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. पुढे इंदिरा गांधींच्या सरकारने मिसा (खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली हजारोंना तुरुंगात टाकलं, नोकऱ्या घेतल्या, बायकापोरांना क्वार्टरमधून बाहेर काढलं. वीस दिवसांत संप मागे घ्यावा लागला. १९७७ मध्ये जनता सरकार आलं, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा काढलेल्यांना परत घेतलं गेलं. मधली तीन वर्षं चूल कशी पेटली, ते त्या नोटिशीच्या पाठीवर लिहिलेलं आहे.

बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या गाडीची आठवण आपण दर १६ एप्रिलला काढतो. या माणसांचीही काढायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं. संपात विशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेलेत.

म्हणून कोपरी, कळवा, खारेगावातल्या रेल्वे कुटुंबांना विनंती: नोटिसा, पत्रकं, तुरुंगातून आलेली पत्रं, फोटो घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ कागद लगेच परत देऊ. त्या दिवसांत जे कामावर गेले, त्यांच्याही आठवणी हव्या आहेत; त्यांनाही घर होतं.

स्कॅनर, आवाज टिपायचं यंत्र आणि एक लोखंडी कपाट घ्यायचं आहे. शंभर रुपयेसुद्धा मोलाचे आहेत, पावती मिळेल. आठवणी ऐकून उतरवून घ्यायला कॉलेजची मुलंमुलीही हवीत.

वाचनालय रोज संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. ज्यांना जिना चढवत नाही, त्यांनी शेजाऱ्याकरवी निरोप धाडावा. आम्ही घरी येऊ.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, कळवा