बाबा, गठ्ठे विकू नका

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर 'ट्रिप मस्त झाली' एवढंच सांगितलं आणि आईच्या गोळ्यांची विचारपूस करण्यात बाकीचं राहूनच गेलं. म्हणून आज लिहायलाच बसले.

चार दिवस आम्ही दोघं गाडी घेऊन बोस्टनच्या उत्तरेला, किनाऱ्या-किनाऱ्याने केप ॲनपर्यंत फिरलो. सेलम, ग्लॉस्टर, रॉकपोर्ट. मधलं अंतर तसं काहीच नाही, पण समुद्र दिसला की तुमचे जावई गाडी बाजूला घेणार, हे ठरलेलं. मला त्याची काही घाई नव्हती.

सेलमला लोक जातात ते चेटकिणींच्या खटल्यांसाठी. 1692 साली इथे 19 जणांना फाशी दिली आणि एका म्हाताऱ्या माणसाला दगडांखाली चेंगरून मारलं. त्या वीस जणांसाठी भिंतीला लागून वीस दगडी बाक बसवलेत, प्रत्येकावर एकेकाचं नाव. बाजूच्या रस्त्यावर चेटकिणींच्या टोप्या घातलेली पोरं हिंडत होती, इथे मात्र कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाबा, तुम्हाला मात्र इथला जहाजांचा जुना धक्का जास्त आवडला असता. इथल्या कप्तानांनी 1799 मध्ये एक मंडळ काढलं होतं, आणि त्यात जागा कुणाला, तर आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला किंवा दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच. त्यांची जहाजं मिरीसाठी सुमात्राला जात, मुंबई-कलकत्त्यालाही जात. त्यांनी आणलेल्या वस्तूंमधूनच इथलं मोठं संग्रहालय उभं राहिलं. एवढ्याशा गावातल्या माणसांना दोनशे वर्षांपूर्वी आपली मुंबई ठाऊक होती, याचं मला राहून राहून नवल वाटलं.

ग्लॉस्टर हे मच्छीमारांचं गाव, 1623 पासूनचं. समुद्रासमोर सुकाणू घट्ट धरून उभ्या असलेल्या खलाशाचा पुतळा आहे, आणि त्याच्याभोवती समुद्रात गेलेल्या 5,000हून जास्त माणसांची नावं. मी वाचायला लागले आणि थोड्या वेळाने सोडून दिलं. एकाच आडनावाची माणसं लागोपाठ येत होती, पुढे वाचवेना. तिथून जवळच दुसरा पुतळा आहे, 2001 सालचा. दोन मुलांना जवळ घेऊन समुद्राकडे बघत उभी असलेली बाई. तो व्हायला इतकी वर्षं का लागली असतील?

आई, आता तुझ्यासाठीची गोष्ट. ग्लॉस्टरच्या मागच्या रानात डॉगटाउन नावाचं ओसाड गाव आहे. जवळजवळ दोनशे वर्षं तिथे कुणी राहत नाही, जमिनीत घरांच्या तळघरांचे खड्डे तेवढे उरलेत. रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञाचे पूर्वज याच भागातले. 1930च्या दशकात, महामंदीत, त्याने काम नसलेल्या फिनिश पाथरवटांना हाताशी धरलं आणि रानातल्या मोठमोठ्या शिळांवर उपदेश कोरून घेतले. 'काम शोधा', 'वेळेवर या', 'कर्ज करू नका'. झाडीतून चालताना अचानक समोर हत्तीएवढा दगड येतो आणि त्यावर कोरलेलं असतं 'हेल्प मदर', आईला मदत कर.

मी जवळ जाऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. खाच चांगली बोटभर खोल आहे, 'एम'च्या कोपऱ्यात हिरवं शेवाळ साठलंय, आणि नुकताच पाऊस झाल्यामुळे आत पाणी होतं. मला एकदम तू आठवलीस, पहाटे एकटीच पाणी भरणारी. आम्ही दोघं भावंडं तेव्हा अंथरुणात असायचो. किती वेळ मी तिथेच उभी होते. फोटो पाठवते, मोठा करून बघ.

शेवटच्या दिवशी रॉकपोर्टचं कागदाचं घर बघितलं. बाबा, हे मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं. एलिस स्टेनमन नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरने 1922 मध्ये उन्हाळ्यात राहायला हे घर बांधायला घेतलं. सांगाडा, जमीन आणि छप्पर लाकडाचं. भिंती मात्र वर्तमानपत्रांच्या, कागदाचे 215 थर चिकटवून वर वार्निश दिलेलं. आतलं सामानही वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्यांचं, खुर्च्या, टेबलं, दिवासुद्धा. उंच घड्याळ आहे, त्याला तेव्हाच्या 48 राज्यांच्या राजधान्यांतली वर्तमानपत्रं वापरलीत. लिहायचं टेबल, एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या वैमानिक लिंडबर्गच्या विमानप्रवासाच्या बातम्यांचं. वार्निश मधासारखं पिवळं पडलंय, पण डोळे जवळ नेले की मथळे अजून वाचता येतात. मी गुडघ्यावर बसून वाचत राहिले. ह्यांनी दोनदा हाक मारली म्हणे, मला ऐकूच आली नाही.

आणि तिथेच मला मागच्या दिवाळीतलं आपलं बोलणं आठवलं. माळ्यावरचे तुमचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीत घाला, वाळवी लागेल, असं मी किती तोडून बोलले होते. तुम्ही उलट काहीच बोलला नाहीत, फक्त सुतळी पुन्हा घट्ट बांधलीत. 26 जून 1983चा तो अंक, कपिल देवचा फोटो असलेला, तुम्ही मला लहानपणी किती वेळा उलगडून दाखवला असेल! प्रत्येक वेळी आधी हात धुऊन यायला सांगायचात. मी चुकले, बाबा. माझ्या बोलण्यामुळे ते विकले नसतील ना? विकले नसतील तर राहू द्या.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख कळली की लगेच कळवा, मी त्याच्या आधी आठ दिवस येते. डोळ्यांत थेंब घालायला मी आहे, शेजारच्या काकूंना सांगू नका. आणि बाबा, गठ्ठे खाली काढायला शिडीवर चढू नका. मी आल्यावर काढते. हवाबंद पेट्या आणि वाळवीचं औषध आणू, आणि तुम्ही सांगाल त्या क्रमाने लावू.

तुमची,
मुलगी