खिळ्यावरचं रेझर बघणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि. आणि तुमच्या मंडळीत करतात तसा सलामही.

हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारात माझ्या खानावळीतल्या पोरांसाठी तुम्ही जे केलंत, त्याचे तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाका" म्हणून विषय मोडता. म्हणून हे उघडं पत्र. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या आसपास खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी, डबे पुरवणाऱ्यांनी आणि ठेकेदारांनीही ते वाचावं.

माझ्या खानावळीत जेवणारी निम्मी पोरं झारखंड-ओडिशाकडची आहेत. सिमडेगा, गुमला, सुंदरगड. फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे करायला (मोल्डिंग) आणि ओतीव माल घासून साफ करायला (फेटलिंग) असतात. भाकरी त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून मी उकडा तांदूळ ठेवते. त्यांतली बरीच ख्रिस्ती. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून पत्र्याच्या शेडमधल्या उपासनेला जातात आणि येताना पोटात कावळे घेऊन थेट माझ्याकडं.

त्यातल्या एकानं रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि रक्तपेढीचं बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी. पोराला ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, दिवसभर साचे उचलत होता. खोलीत बातमी फुटली आणि संध्याकाळपासून त्याचं ताट, तांब्या वेगळा झाला. कुणी म्हणालं, कावीळ उतरवणाऱ्याकडं न्या, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं. ठेकेदार हिशेब करून मोकळा व्हायच्या बेतात होता. मंडळीतही कुजबुज सुरू झाली, कुठं तोंड काळं केलं म्हणून.

तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी तुम्हाला आणलं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी केलेल्या, रिटायर झालेल्या, गुडघे दुखतात म्हणत माझा जिना चढलेल्या तुम्ही. आम्ही सगळे त्या वेगळ्या ताटाकडं बोट दाखवत होतो आणि तुम्ही त्यांच्या खोलीतल्या आरशाजवळच्या खिळ्याकडं बघत उभ्या. तिथं एकच रेझर लटकत होतं, बाजूला फेसाचा ब्रश. "हे कितीजण वापरता?" सगळेच.

मग तुम्ही खाटेवर बसलात. जेवणातून, शिंकण्यातून, गळ्यात पडून हा आजार लागत नाही. रक्तातून लागतो, शरीरसंबंधातून लागतो, आईकडून बाळाला लागतो. एकमेकांचं ब्लेड, दातांचा ब्रश, नीट न उकळलेली सुई, जत्रेत एकाच सुईनं सगळ्यांना गोंदवणारा, या त्याच्या वाटा. अंगाबाहेरही हा विषाणू सात दिवस तग धरतो, म्हणजे खिळ्यावरचं सुकलेलं रक्तही भरवशाचं नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं वेगळं रेझर आलं, दांड्यावर ऑइलपेंटनं नाव घालून. त्याचं ताट रांगेत परत आलं.

आणि कुजबुज करणाऱ्यांना तुम्ही दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे. जन्मताना लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. मोठेपणी लागला तर शंभरात पाचांच्याही आत. "म्हणजे याच्या अंगात तो बहुतेक पाळण्यापासूनच आहे. आता काय पाळण्याला पाप लावणार?" पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी हेच व्यासपीठावरून सांगितलं, आणि एका पोरानं उभं राहून सादरीत, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, सांगितलं. मराठीतलं, हिंदीतलं ऐकून जी माना डोलवत होती, ती सादरीत ऐकून प्रश्न विचारायला लागली.

मी तुम्हाला विचारलं होतं, हे काम दवाखान्याचं, देवळात-चर्चमध्ये कशाला? तुम्ही लॉस एंजेलिसचं सांगितलंत. तिथं कोरियाहून येऊन राहिलेल्या लोकांच्या ५२ चर्चमध्ये अभ्यास झाला होता. काही चर्चमध्ये छोट्या गटांत हिपॅटायटिस बी वर बोलणं झालं, बाकीच्यांत आहार आणि व्यायामावर. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी तपासणी करून घेतली होती, दुसऱ्यातल्या ६ टक्के. मला १९ हा आकडा काही फार वाटला नाही, तसं बोललेही. तुम्ही म्हणालात, "परक्या गावात माणूस आपल्या माणसाचंच ऐकतो. दवाखान्यात तो एकटा असतो, चर्चमध्ये नसतो." हे मात्र पटलं. माझ्या खानावळीत गावाकडचा माणूस दिसला तरच नवा पोरगा बसतो.

तुमची खरी कमाल वेळापत्रकात. लशीचे तीन डोस, पहिला, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. ही पोरं तिसऱ्यापर्यंत जागेवर असतील याचा नेम नाही. नाताळला गावाकडं पळणार हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी पहिला, जुलैच्या पहिल्या रविवारी दुसरा आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, रेल्वेचं तिकीट खिशात असताना, तिसरा. आधी सगळ्यांचं रक्त तपासलं, कारण ज्याच्या अंगात विषाणू आहे त्याला लशीचा उपयोग नाही. पैसे थोडे दानातून आले, थोडे एका फौंड्रीवाल्याकडून. ज्याचा डोस चुकला त्याला पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला घ्यायचा, हेही तुम्हीच समजावलंत, नाहीतर अर्धी पोरं "आता काय उपयोग" म्हणून बसली असती. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोचायला २०११-१२ साल उजाडलं. माझी पोरं सगळी त्याआधीची.

त्या पोराला तुम्ही सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन गेलात. २०१८ पासून या आजारासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तपासण्या आणि औषधं फुकट, हे ठेकेदारालाही तुम्हीच ऐकवलंत. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्या नकोत, पण ठरल्या वेळी यकृताची तपासणी चुकवायची नाही आणि दारूला हात लावायचा नाही. दारूचं मी बघते, तुम्ही काळजी करू नका.

त्याची बायको गावाकडं पोटुशी होती. त्याला ते तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता, तुम्हीच काढून घेतलंत. तिला फोन लावून पाऊण तास बोललात. तिची तपासणी झाली, निगेटिव्ह आली, लस सुरू झाली. आणि बाळाला जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस मिळालाच पाहिजे, तिथल्या नर्सला आठवण कर, हे तुम्ही तिच्याकडून परत परत म्हणवून घेतलंत. मुलगी झाली, डोस वेळेत मिळाला. पुढचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे त्यानं मोबाइलमध्ये गजर लावून ठेवलेत. गजर जेवणाच्या पंगतीत वाजला की सगळी पोरं ओरडतात.

मलाही तुम्ही सोडलं नाहीत. विळीवर बोट रोज कापणाऱ्या बाईनं लस घ्यायला नको का, म्हणून पोरांच्या रांगेत उभं केलंत. दंड दोन दिवस दुखला, हे तेव्हा बोलले नाही, आता सांगते.

डिसेंबरचा डोस राहिलेल्या दोघांची कार्डं माझ्या गल्ल्यात आहेत. पोरं गावाहून आली की आधी तुमच्याकडं पाठवते, मग जेवायला वाढते. रविवारी पांढरा रस्सा करणार आहे, तुमच्यासाठी तिखट कमी. या वेळी चहावर भागवू नका.

आपली,
शिरोलीची खानावळवाली