गोधडीची खोली जमिनीवरच असते

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी घरातील शिवणकामाची खोली कशी मांडावी, यावर एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला होता. त्यातील चित्रांत भिंतीभर छिद्रांचा फळा होता, त्यावर कात्र्या टांगलेल्या होत्या, काचेच्या बरण्यांत रंगवार बटणे रचलेली होती आणि मधोमध उभ्याने कापड बेतण्याचे उंच टेबल होते. चित्रे देखणी होती, परंतु खाली दिलेली सामानाची यादी वाचून आमच्या इमारतीतील दोघीतिघींनी मला विचारले की, गोधडी शिवायची तर आधी हे सगळे विकत आणावे लागते का. त्यांना मी जे उत्तर दिले, तेच थोडे विस्ताराने आपल्या वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

त्या चित्रांतील खोली उभ्याने काम करणाऱ्यांची आहे. आपल्याकडे गोधडी जमिनीवर पसरतात आणि तिच्यावरच बसून शिवतात. बहुतेक जणी कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याचे चौकोनी फेरे आत आत नेतात, म्हणजे शिवणारी बाईही गोधडीभोवती आणि नंतर गोधडीवर सरकत राहते. तिला भिंतीवर टांगलेली कातर काय कामाची? प्रत्येक वेळी गुडघ्यावर हात टेकून उठायचे, कातर घ्यायची आणि पुन्हा मांडी घालायची, हे साठीनंतर कोणाला जमेल असे मला वाटत नाही. शिवाय आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांत शिवणासाठी वेगळी खोली नसतेच. दुपारी जेवणे आटोपल्यावर जिथे शिवण मांडले जाते, तिथेच संध्याकाळी मुले अभ्यासाला बसतात. त्यामुळे शिवणाच्या सामानाची खरी परीक्षा एकच: ते बसल्या जागी हाताला यावे, सरकताना आपल्याबरोबर सरकावे आणि दिवेलागणीच्या आत आवरून एका कोपऱ्यात मावावे.

या परीक्षेला उतरणाऱ्या वस्तू आपल्या घरांत पूर्वीपासून आहेत, फक्त त्या माळ्यावर पडलेल्या आहेत. स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा येण्यापूर्वी सगळा स्वयंपाक बसून होत असे, आणि त्या काळची भांडीकुंडी बसलेल्या बाईच्या हाताच्या टप्प्यात राहतील अशीच घडवलेली होती. ओटा आल्यावर पाट, मोठी परात, लाकडी ताटाळे, पितळेचे डबे हे सगळे निरुपयोगी ठरले आणि पुढे एकतर मोडीत गेले किंवा माळ्यावर चढले. स्वयंपाक उभ्याने होऊ लागला तरी गोधडी मात्र खालीच राहिली, आणि म्हणून ही भांडी मला तिथे सर्वांत चपखल बसलेली दिसतात.

यात पहिला मान परातीचा. जुनी, थोडी पोचलेली, पण काठ शाबूत असलेली परात घ्यावी. तिच्यात कातर, रीळ, खडू, मोजपट्टी आणि अंगुस्तान ठेवले की शिवणारीने सरकताना परात एका हाताने ओढून घ्यायची. उथळ असल्यामुळे तिच्यातील प्रत्येक वस्तू दिसते, शोधाशोध करावी लागत नाही, आणि काठ असल्यामुळे रीळ गडगडत कपाटाखाली जात नाही. मी पूर्वी यासाठी झाकणाची प्लास्टिकची टोपली वापरत असे. टोपली खोल असल्यामुळे कातर नेहमी तळाशीच सापडायची आणि तिच्याबरोबर दोऱ्यांचा गुंताही वर यायचा.

दुसरी वस्तू मसाल्याचा गोल डबा, ज्याला आमच्याकडे मिसळणाचा डबा म्हणतात. त्यातील सात वाट्यांत हूक, काजाच्या कड्या, टिचबटणे, शर्टाची बटणे, परकराच्या नाडीसाठी लागणारी मोठी पिन आणि मशीनच्या बॉबिन अशी वाटणी आपोआप होते. डबा नवा कशाला हवा, ज्याच्या झाकणाची कडी तुटली आहे तोही चालतो. मात्र हळदीचा वास आणि डाग दोन्ही चिवट असतात, म्हणून वाट्या साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवल्याशिवाय त्यांत पांढरी लेस ठेवू नये, एवढे मी स्वानुभवाने सांगते. इडलीपात्राच्या खळग्यांत बटणे ठेवावीत, असेही कोणी सुचवते. बटणे निवडताना ते ठीक आहे, परंतु पात्र कलंडले की चारही मजल्यांवरची बटणे एकत्र होतात आणि मग सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

पाटाचा उपयोग इस्त्रीसाठी होतो. गोधडीच्या वरच्या थरासाठी तुकडे जोडताना दर शिवणीनंतर ती दाबून घ्यावी लागते, नाहीतर चौकोन चौकोनाला जुळत नाही. त्यासाठी दर वेळी इस्त्रीच्या टेबलापाशी जाण्यापेक्षा पाटावर जुन्या कांबळ्याच्या दोन घड्या आणि त्यावर धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा ताणून पाठीमागे चुका (बारीक खिळे) मारल्या, की मशीनशेजारीच ठेवता येईल अशी छोटी इस्त्रीची जागा तयार होते. वरचे कापड सुतीच हवे, कारण कृत्रिम धाग्याचे कापड गरम इस्त्रीने वितळून तिला चिकटते.

ताटाळ्याच्या फटींत ताटांऐवजी पुठ्ठ्यांवर गुंडाळलेले साड्यांचे काठ उभे राहतात. काठ घडी घालून ठेवले तर घडीवर चुणी पडते आणि ती पुढे शिवणीत येते, पण गुंडाळलेले काठ सपाट राहतात. दोऱ्याच्या रिळांसाठी मी मोडक्या छत्रीच्या काड्या वापरल्या आहेत. लाकडाच्या जाड फळीला भोके पाडून त्यांत वीतभर लांबीच्या काड्या ठोकल्या आणि टोकांना मेणाचे गोळे लावले, एवढेच ते काम. एकेका काडीवर तीन-चार रिळे बसतात. ही फळी खिडकीत मात्र ठेवू नये. उन्हाने दोऱ्याचा रंग उडतो हे आपल्याला दिसते, पण तो आतून कुजतो हे दिसत नाही आणि वर्षभराने गोधडी धुताना टाके तटातट तुटू लागले की मगच कळते. जुने रीळ वापरण्यापूर्वी हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका देऊन पाहावा.

आता खुद्द कापडाविषयी लिहिते ते थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पसारा होतो तो तुकड्यांचाच. आपल्याकडे एक नऊवारी लुगडे चार घड्यांत पसरले की सुमारे दोन मीटर लांबीचे, म्हणजे एका माणसाला पुरेल असे पांघरूण होते, आणि चौघडी हे नावच त्या चार घड्या सांगते. तिला तुकडे लागत नाहीत. तुकड्यांची गोधडी शिवायची झाली, की मात्र घरातील प्रत्येक फाटका कपडा उपयोगी वाटू लागतो आणि पाहता पाहता पलंगाखालची जागा गाठोड्यांनी भरते. बोहारणीला द्यायचे कपडे आणि गोधडीसाठी ठेवायचे कपडे यांची निवड कठोरपणे करावी, हा मी स्वतःला अनेकदा केलेला आणि क्वचितच पाळलेला उपदेश आहे.

ठेवायचे तुकडे रंगांनुसार लावावेत असे चित्रांत दाखवतात. माझ्या मते ते आधी कापडाच्या जातीनुसार लावावेत आणि मग रंगांनुसार. वापरून जुने झालेले सुती कापड आटायचे तेवढे आटलेले असते, शिंप्याकडून आणलेल्या नव्या सुती चिंध्या पहिल्या धुण्यात आटतात, आणि टेरिकॉट तर फारसे आटत नाही. ही तिन्ही एका गोधडीत न धुता शेजारी शेजारी लावली, की पहिल्याच धुण्यात तिला सुरकुत्या पडतात. म्हणून नव्या चिंध्या आधी धुवाव्यात. खळ घातलेल्या साड्याही खळ पूर्ण निघेपर्यंत धुवाव्यात, कारण कसरीला खळ फार आवडते आणि ती खळीबरोबर कापडही खाते.

असे निवडलेले तुकडे ठेवायला मला जुन्या उशांच्या अभ्र्यांहून सोयीचे काही सापडलेले नाही. अभ्रा सुती असतो, त्यातून हवा खेळते आणि तोंडाला नाडी ओवली की तो खुंटीला टांगता येतो किंवा पलंगाखाली सारता येतो. आत काय आहे हे कळण्यासाठी चिठ्ठी लावण्याची गरज नाही, आतील कापडाचाच बोटभर तुकडा अभ्र्यावर टाचून ठेवला की ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते कळते. झाकण घट्ट बसणारे प्लास्टिकचे डबे मीही हौसेने आणले होते. एका पावसाळ्यात जरासे दमट राहिलेले तुकडे त्यांत बंद झाले आणि गणपतीच्या सुमारास डबा उघडला तेव्हा काळ्या बुरशीचे ठिपके पडलेले होते. ते डबे आता डाळींना दिले आहेत. रेशमी साड्यांची खोकी मात्र जपून ठेवावीत, कारण कापून तयार झालेले चौकोन त्यांत न दुमडता राहतात आणि खोकी एकावर एक रचताही येतात.

पावसाळ्यासाठी डांबरगोळ्या टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांसाठी काढून ठेवलेल्या कापडात त्या कधीही टाकू नयेत. त्यांतील नॅप्थलीनच्या वाफेने काही बाळांच्या, विशेषतः जन्मतः एका विशिष्ट विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या, रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि ऊन पडले की अभ्रे बाहेर काढून वाळवावेत, एवढे पुरते.

चौकोन कापण्यासाठी साचा लागतो. पुठ्ठ्याचा साचा दहावीस चौकोनांनंतर कडेला झिजतो आणि पुढचे चौकोन नकळत लहान होत जातात. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा साचा झिजत नाही, आणि त्यातून खालचे कापड दिसत असल्यामुळे फुलाची नक्षी बरोबर मध्यावर धरता येते. आमच्या घरातील एका मोडलेल्या मनगटाची फिल्म अशी गेली बारा वर्षे कामाला आहे. आपल्या वृत्तपत्राचे मोठे पान झबल्या-टोपड्यांचे बेत कापायला उत्तम असते, हे संपादकांनी कौतुक समजून घ्यावे. परंतु पांढऱ्या कापडाच्या घडीत ते घालू नये, शाई उमटते.

मोजण्यासाठी तर घराची फरशीच आहे. हल्लीच्या मोठ्या फरशा 60 सेंटिमीटरच्या असतात आणि गवंडी त्यांना दोन फुटी म्हणतात. पाच फूट रुंद आणि सात फूट लांब गोधडी म्हणजे अडीच फरशा आणि साडेतीन फरशा, इतका हिशेब बसल्या बसल्या होतो आणि गोधडी तिरकी जात असेल तर फरशीच्या सांध्यावरून लगेच ध्यानात येते. फक्त खऱ्या दोन फुटांहून ही फरशी जवळजवळ एक सेंटिमीटरने लहान असते, त्यामुळे साडेतीन फरशांत सव्वा इंचाहून थोडा अधिक फरक पडतो. स्वतःच्या घरासाठी त्याने काही बिघडत नाही, पण मापाने मागणी घेऊन शिवणाऱ्यांनी मोजपट्टीच वापरावी.

कापडाच्या कातरीच्या मुठीला लाल दोरा बांधून ठेवावा आणि ती कागदाला, त्याहूनही दुधाच्या पिशवीला, लावायची नाही असे घरात सर्वांना सांगून ठेवावे. ते ऐकले जाईलच असे नाही, म्हणून दुधाच्या पिशवीसाठी ओट्याजवळ एक जुनी कातर टांगलेली असावी.

शेवटी सुयांविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्या लेखात त्यांचा उल्लेख फक्त शोभेच्या पिनकुशनपुरता आला होता. अर्ध्या करवंटीत कापसाचा घट्ट गोळा बसवून त्यावर मशीनचे तेल किंचित पुसलेले फलालीनचे कापड ताणले, की सुया गंजत नाहीत आणि करवंटी परातीत स्थिर राहावी म्हणून तिच्या बुडाला कापडाचे कडे शिवता येते. पण सुया कशात ठेवाव्या यापेक्षा त्या मोजल्या जातात की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. मी शिवायला बसताना पाच सुया काढते आणि उठताना पाच मोजते. एखादी कमी भरली, तर बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधील लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून गोधडीच्या दोन्ही बाजूंवरून आणि मग आजूबाजूच्या फरशीवरून सावकाश फिरवते. सुई पोलादी असल्यामुळे ती चिकटते किंवा निदान कापडाखाली हललेली जाणवते. पितळी टाचणी मात्र चुंबकाला दाद देत नाही, आणि त्यामुळे पितळी टाचण्या मी दुपट्याच्या कामात वापरणे सोडून दिले आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, कराड